आमच्या गच्चीवरची हिरवी लडी

मी जवळजवळ दोन वर्षं एक साप्ताहिक चालवलं आणि माझ्याशिवाय ते कोणीही वाचलं नाही.

साप्ताहिक म्हणजे छापील वगैरे समजू नका. एक लाकडी फळा होता, त्याला मी स्वतः काळा रंग दिला होता (तो रंग नंतर बरेच दिवस माझ्या कानामागे होता), आणि खडू मी कचेरीतल्या एका मित्राच्या शिक्षिका बहिणीकडून मागून आणायचो. दर रविवारी जुना मजकूर पुसायचा, नवा लिहायचा. संपादक मी, लेखक मी, पुसणारा मी. पुसताना मात्र जिवावर यायचं. कोणी वाचलेलं नसताना पुसणं म्हणजे ताटातलं न जेवता उचलून टाकण्यासारखं वाटायचं.

हे सगळं मी का करत होतो, तर मला बोलायला माणूस नव्हतं. सरळ सांगून टाकतो. आणि हे ऐकून हसू नका, कारण आमच्या घरात लहानमोठी धरून दहाबारा माणसं होती! पण घर विणकराचं. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाच्या अलीकडे आमची वस्ती, आणि आमच्या घरात चार हातमाग. सकाळी चहा झाला की चारही माग सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. त्या खटखटाटात बोलणं अशक्य. आमच्याकडे सगळा व्यवहार खुणांनी चालायचा. बाबांनी अंगठा दाखवला की सूत भरलेली कांडी द्यायची. दादाने मान हलवली की धागा तुटला. वहिनीने भांडं वाजवलं की जेवायला चला.

बरं, मागावरची माणसं निदान खुणा तरी करायची. माझ्याशी खुणा करायचंही कोणाला कारण नव्हतं. मी मागावर बसलो की सूत तुटायचं. एक नाही, पाच-पाच धागे एकदम! बाबांनी मला वर्षभर शिकवून पाहिलं आणि एक दिवस हात जोडून म्हणाले, "मधू, तू शिकून घे गा. नोकरी कर. सुतावर उपकार होतील." म्हणून मी मॅट्रिक झालो आणि कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. वस्तीतले माझे मित्र होते ते एकेक करून भिलाईला कारखान्यात लागले. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा जोशी बोलका होता, त्याची चंद्रपूरला बदली झाली. त्याच्या जागी जो आला त्याला ऐकू कमी यायचं. संध्याकाळी घरी यावं तर माग चालू. मी सायकल ठेवायचो, पाय धुवायचो आणि गच्चीवर जाऊन बसायचो. आपण घरात आलो हे घराला कळलंय की नाही, अशी मला शंका यायची.

तर फळा. तो घराच्या दर्शनी भिंतीवर लावायची माझी इच्छा होती. बाबा म्हणाले, "समोर ताणा लावतो ना आपण! लोक फळा वाचाले उभे राहिले तं ताण्यात पाय घालतीन." समोरच्या गल्लीत लुगड्याचं लांबलचक सूत ताणून ठेवतात, त्यात कोणाचा पाय गेला तर विणकराच्या घरात सुतक पाळतात म्हटलं तरी चालेल. म्हणून फळा गेला मागच्या बोळात. त्या बोळात सावली चांगली असायची. त्यामुळे माझ्या साप्ताहिकासमोर कायम चारदोन शेळ्या बसलेल्या असायच्या.

वस्तीत असे फळे लिहिणारे आणखी दोघं होते. एक नत्थूजी शिंपी. ते आपल्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर क्रमशः रहस्यकथा लिहायचे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक सुरा आणि एक किंकाळी. दुसरे रिटायर झालेले मास्तर. ते देवळामागच्या भिंतीवरच्या फळ्यावर नळाच्या वेळा, कोणाकडे बारसं, कोणाची गाय हरवली, आणि जागा उरली तर एक सुविचार लिहायचे. तिघांचंही दुखणं एकच होतं. नवीन मजकूर कधी येईल याचा नेम नाही. लोक उन्हातान्हात चालत फळ्यापर्यंत जायचे, तिथं मागचाच मजकूर बघायचे आणि शिव्या देत परतायचे. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कोण येतो?

आणि इथं माझ्या डोक्यात ती कल्पना आली. (माझ्या डोक्यात कल्पना येते तेव्हा घरच्यांनी मला खोलीत कोंडायला हवं होतं. पण मी घरात आहे हेच कोणाला माहीत नसायचं!) गल्लीत स्लॅबचं घर फक्त आमचं. आमची गच्ची पार तलावापासून दिसायची. तिच्यावर सूत वाळवायचे बांबू अजून उभे होते. पूर्वी बाबा घरीच सूत रंगवायचे. आता रंगारी रंगवून द्यायचा, त्यामुळे बांबू रिकामे. मी ठरवलं, या बांबूंवर सुताच्या लड्या टांगायच्या. नत्थूजींचं नवं प्रकरण आलं की लाल लडी. मास्तरांनी नवं लिहिलं की पिवळी. माझं साप्ताहिक निघालं की हिरवी. लोकांनी घरबसल्या मान वर करायची. लडी दिसली तर जायचं, नाही दिसली तर आपलं काम करायचं. पायपीट बंद!

बाबांकडे लड्या मागितल्या. ते म्हणाले, "कायले पायजे?" मी सगळं समजावून सांगितलं. माग चालूच होता. त्यांनी मान हलवली. मला वाटलं त्यांना पटलं. खरं तर त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी कोपऱ्यातल्या खराब लड्यांकडे बोट दाखवलं, त्या मी घेतल्या. तिन्ही फळ्यांवर सूचना लिहिली. रोज कचेरीतून येताना सायकलवरून दोन्ही फळे बघायचे, नवं दिसलं की वर जाऊन लडी लावायची, सकाळी काढायची.

काय सांगू तुम्हाला, वस्तीला वेडच लागलं! लोक दात घासताना आमच्या गच्चीकडे बघायला लागले. बाया वाळवण घालता घालता बघायच्या. लाल लडी लागली रे लागली की नत्थूजींच्या दुकानासमोर ही गर्दी. वाचायला आलेली माणसं शरमेने निदान पायजाम्याची नाडी तरी घालून न्यायची, नत्थूजींचा धंदा वाढला. पिवळी लागली की बादल्या घेऊन लोक मास्तरांच्या भिंतीकडे पळायचे. आणि हिरवी?

एकदा मी हिरवी लडी लावून गच्चीच्या कठड्याआड बसलो होतो. खाली शेजारच्या कौसल्याबाई अंगणात उभ्या होत्या. घरातून त्यांच्या सासूने ओरडून विचारलं, "काय वं, काय लागलं?"

कौसल्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "काही नाई. हिरवी हाये."

मी तसाच कठड्याआड बसून राहिलो.

पण मी हार मानणारा नव्हतो. मी सुधारणा केली. एक लडी म्हणजे नवा मजकूर. दोन लड्या म्हणजे तातडीचं, हातातलं काम टाकून या! नत्थूजींनी ही सवलत एकदाच वापरली, खुनी सापडला तेव्हा. त्या दिवशी वस्तीत तीन घरची भाजी करपली. मग मीही एका रविवारी छातीवर दगड ठेवून दोन हिरव्या लड्या लावल्या आणि फळ्याजवळ जाऊन उभा राहिलो. तासाभराने एक गृहस्थ लगबगीने बोळात शिरले. ते माझ्याकडे आले, फळ्यासमोर थांबले, आणि म्हणाले, "माही शेळी पाहिली का गा इकडं?"

त्यानंतर मी हिरवी लडी लावणं सोडून दिलं. लाल आणि पिवळी लावायचो, ते लोकांचं काम होतं. स्वतःचं मात्र लिहायचो आणि गप बसायचो. आणि एक गंमत झाली. कोणी वाचणार नाही याची खात्री झाल्यावर माझा हात मोकळा सुटला. पूर्वी मी 'श्रमाचे महत्त्व' वगैरे लिहायचो. आता मनात येईल ते लिहायला लागलो. आणि एका रविवारी मी जे लिहिलं, ते असं होतं:

"आमच्या घरात दहाबारा माणसं राहतात. त्यांच्यापैकी एकानेही या महिन्यात मला काही विचारलेलं नाही. वहिनी परवा 'जेवून घ्या' म्हणाली, पण ते मला होतं की दादाला, याची चौकशी चालू आहे. मी कोणत्या कचेरीत आहे हे दादाला विचारा, त्याला सांगता येणार नाही. बाबा माझ्यापेक्षा मागाशी जास्त बोलतात. वहिनीचा रस्सा दिवाळीपासून पातळ होत चालला आहे. काल त्यात मला माझंच तोंड दिसलं. ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. मी एखाद्या दिवशी घरी आलोच नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल का?"

वाचून मला फार बरं वाटलं. शेळ्यांनीही काही हरकत घेतली नाही.

आता त्या आठवड्यात काय झालं, तर आमचा रंगारी लेकीच्या लग्नाला गावी गेला. इकडे लग्नसराईची मागणी, नवरीची हिरवी लुगडी. थांबायला वेळ नाही. बाबा म्हणाले, "घरीच रंगवू!" शनिवारी सकाळी मी कचेरीत गेल्यावर घरच्यांनी मोठा हंडा चुलीवर चढवला, रंग कालवला, सूत बुडवलं, पिळलं, आणि दुपारी सगळंच्या सगळं सूत गच्चीवर वाळत घातलं. प्रत्येक बांबूवर. बांबू पुरले नाहीत म्हणून कठड्यावर, दोरीवर, पाण्याच्या टाकीवरसुद्धा. आणि सगळे परत मागावर बसले. सगळं हिरवंगार!

शनिवारी कचेरी अर्धी असते. मी सायकल मारत येत होतो, तलावाच्या वळणावर सवयीने मान वर केली आणि पडता पडता वाचलो. आमची गच्ची हिरवी पेटली होती! हे काय झालं, ते मला चटकन कळेना. पण पुढे आलो तर लोक आमच्या घराकडे पळताना दिसले. माणसं, बाया, पीठ लागलेल्या हातांच्या बाया, अर्धी दाढी झालेला एक जण! आणि सगळे समोरच्या दारी न जाता मागच्या बोळात घुसत होते. माझ्या बोळात. माझ्या फळ्याकडे!

आता खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला काय वाटलं असेल? वाचक! एवढे वाचक! माझे डोळे भरून आले. मी सायकल भिंतीला टेकवली आणि केस नीट केले. कोणी सही मागितली तर असावं म्हणून खिशातलं पेनही चाचपलं.

आणि मग मला फळ्यावर काय लिहिलंय ते आठवलं.

बोळ खच्चून भरला होता. मला पुढे जाता येईना. समोर एका उंच माणसाची पाठ. मी त्या पाठीला विचारलं, "काय झालं हो?"

पाठ वळली नाही. म्हणाली, "मधू गेला."

"कोण मधू?"

"विणकरांचा धाकटा पोट्टा. घर सोडून गेला म्हणते. फळ्यावर लिहून गेला."

"कुठं गेला?" मी विचारलं. (मलाही उत्सुकता होतीच!)

"कोणाले माहीत? दोघं जण तलावाकडं पाहाले गेले."

शेजारची एक बाई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "लय चांगला होता वं. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

दुसरी म्हणाली, "दिसाले कसा होता?"

"आता... आपला साधाच होता."

मी त्या दोघींच्या मध्येच उभा होतो!

मग माझ्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. घर शांत होतं. चारही माग बंद होते. दुपारच्या वेळी आमचं घर असं शांत मी जन्मात ऐकलं नव्हतं. टाचा उंचावून बघितलं तर फळ्यासमोर बाबा उभे. हातात मागाचा धोटा तसाच. मागावरून उठताना तो खाली ठेवायचं भान त्यांना राहिलं नव्हतं. त्यांच्या शेजारी आई. आईला वाचता येत नसे. ती मास्तरांना म्हणत होती, "मास्तर, पुन्हा वाचा ना एकदा. शेवटचं वाचा." आणि मास्तर घसा खाकरून पुन्हा वाचत होते. दादा भिंतीला टेकून उभा होता आणि बोटांवर मोजत सारखा पुटपुटत होता, "कलेक्टर कचेरी... नाई... सिंचन... नाई... कोणती हो त्याची कचेरी?"

इतकी माणसं माझ्यासाठी गोळा झाली होती, आणि मला पुढे जायची हिंमत होत नव्हती.

शेवटी कौसल्याबाईंनी मला बघितलं. "मायबाई! हा तं इथंच उभा हाये!"

गर्दी वळली. मी काय करावं? मी नमस्कार केला.

बाबा पुढे आले. मला वाटलं धोटा डोक्यात बसतो. पण त्यांनी माझ्या दंडाला धरून बघितलं, जसं सूत चाचपतात तसं. मग विचारलं, "कुठं होता?"

"कचेरीत."

"कोणत्या?" दादा ओरडला.

"पाटबंधारे."

"पाहा! मी सिंचन म्हटलंच होतं!" दादाने सगळ्यांकडे विजयाने बघितलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण आता काळजी संपली म्हटल्यावर वहिनीला मधला भाग आठवला. तिने पदर खोचला. "पातळ? भाऊजी, माहा रस्सा पातळ?"

आमच्या लोकांत एक वेळ माणसाला चोर म्हणावं, पण त्याच्या घरचा रस्सा पातळ म्हणू नये. अख्ख्या नागपुरात आमच्या रश्श्याचं नाव आहे! आणि मी ते खडूने फळ्यावर लिहिलं होतं. वरून कौसल्याबाई हळूच म्हणाल्या, "मले तं कधीचं वाटून राहिलं होतं."

"काय वाटून राहिलं होतं वं तुले?" वहिनी तिकडे वळली. "मागच्या संक्रांतीले वाटी घेऊन कोण आलं होतं?"

ते भांडण पेटलं. इकडे नत्थूजी गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, "मधू, हे बरं नाई केलं गा. माह्या खुन्याले दोन लड्या, आन् तुह्या घरच्या भानगडीले अख्खी गच्ची?"

"मी नाही लावल्या हो!"

"मंग कोणं लावल्या?"

बाबा वर बघत म्हणाले, "मी लावल्या. सूत वाळवून राहिलो ना मी!"

लोकांनी गच्चीकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे झालं काहीच नाई?" आणि ती निराशा अशी होती, की माझ्याच्याने बघवेना. मी निदान तलावाकडे तरी जायला हवं होतं, असं मला उगाच वाटून गेलं. लोक पांगायला लागले. अर्ध्या दाढीवाला घाईने गेला. मास्तर तेवढे थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिखाण चांगलं हाये. शेवट जरा लांबला."

माझ्या साहित्यावरची ही पहिली आणि आजपर्यंतची एकमेव समीक्षा.

मला वाटलं संपलं. पण आई संपवणारी नव्हती. तिने मला हाताला धरून घरात नेलं आणि मागांच्या मधोमध पाट टाकून बसवलं. बाबा मागावर बसले, पण आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी हात मांडीवर ठेवले. दादा बसला. वहिनीही फुरंगटून दाराशी येऊन बसली. पोरंटोरं गोळा झाली. आई माझ्यासमोर बसली आणि तिने माझा हात हातात घेतला.

"आमाले वाचता येत नाई, लिहिता येत नाई," ती म्हणाली. "तुले काय बोलाचं हाये ते तोंडानं बोल. सगळे ऐकून राहिले आता. बोल बापा."

चारही माग बंद. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते समोर बसलं होतं, मांडी घालून. मी तोंड उघडलं. काय बोलावं? कचेरीतल्या जोशीबद्दल सांगावं? तो कधीच बदलून गेला. रश्श्याबद्दल बोलणं धोक्याचं होतं. मला तुमची आठवण येते, असं म्हणावं, तर ती सगळी हातभरावर बसलेली! मी त्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. ती इतकी मनापासून ऐकत होती, की मला घाम फुटला. मला एकटं वाटायची चांगली सवय होती, पण इतकं एकटं मला त्या रिकाम्या गच्चीवरही कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मी म्हणालो, "आज... शनिवार आहे."

बाबांनी त्यावर नीट विचार केला.

"हाये," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "झालं?"

"झालं."

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "असंच बोलत जाय रोज."

बाबांनी माग सुरू केला, मग दादाने, आणि बघता बघता घर पुन्हा त्या खटखटाटाने भरलं. मला इतकं हायसं वाटलं, की मी उठलो, खडू घेतला, बोळात गेलो आणि झालेला सगळा प्रकार फळाभर लिहून काढला. लडी मात्र लावली नाही. एकदा जे झालं ते पुरे होतं, आता कोणी वाचलं नाही तरी चालेल, असं मी स्वतःला अगदी ठामपणे सांगितलं.

आणि फळ्यासमोर स्टूल टाकून, कोणी येतंय का ते अंधार पडेपर्यंत बघत बसलो.